भैय्याजी नाकेदार समुद्राची झडती घेतात

भैय्याजी बुवाडे यांनी आयुष्यात कशावरही पहिल्या झटक्यात विश्वास ठेवला नाही. स्वतःच्या जन्मतारखेवरही नाही. शाळेच्या दाखल्यात एक तारीख होती, आई दुसरीच सांगायची, आणि भैय्याजींच्या मते या प्रकरणात दोघांचाही काहीतरी डाव असावा.

रामाकोन्याच्या जंगल नाक्यावर त्यांनी एकतीस वर्षं नाकेदारी केली. रस्त्यात आडवा बांबू, बाजूला टपरीएवढं ऑफिस आणि भैय्याजींच्या हातात लांब, टोकदार लोखंडी सळई. कडब्याची बंडी असो की भुशाचा ट्रक, बांबूपाशी थांबवायचा, टी.पी. मागायची, म्हणजे माल नेण्याचा परवाना पाहायचा, आणि परवाना खरा असला तरी सळई खुपसायचीच. आत सागवान लपवलेलं असलं तर सळई टक्‌कन वाजणार, असा हिशेब. एकतीस वर्षांत ती एकदाही वाजली नाही. सागवान चोरणारे काही बावळट नव्हते. सौसर तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही भैय्याजींची सळई ठाऊक होती, त्यामुळे चोर दुसऱ्या वाटेनं जात आणि नाक्यावरून फक्त सज्जन माणसं टोचून घेऊन पुढे जात. एकदाच कडब्यातून "माय वं!" असा आवाज आला होता. स्वतःच्याच लग्नातून पळालेला नवरदेव निघाला. त्याच्याजवळ टी.पी. नव्हती म्हणून भैय्याजींनी त्याला परत मांडवात पाठवलं.

सळईतून सुटका एकाच मालाची होती. मिरचीची. मिरचीचं पोतं दिसलं की भैय्याजींच्या नाकात वळवळ सुरू व्हायची, आणि एकदा शिंकायला लागले की चहा थंड होईपर्यंत थांबत नसत. म्हणून मिरचीचा ट्रक दुरूनच दिसला की ते हातानं "जा, जा" करायचे.

असं सांगतात की एका वर्षी ते पांढुर्ण्याला साडूकडे गोटमारीची जत्रा पाहायला गेले. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, मधे दगडांचा पाऊस. एक दगड येऊन भैय्याजींच्या कपाळाला लागला. रक्त आलं. लोक हळद घेऊन धावले, तर भैय्याजी दगड उलटापालटा करून पाहत होते. म्हणाले, "हा दगड नदीतला नाही. जंगलातून आणला आहे. कोणं आणला?"

अशा माणसाच्या घरात नलिनीबाईंनी चौतीस वर्षं संसार केला. त्या सौसरच्या मुलींच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवायच्या. बाजारातून आल्या की भैय्याजी पिशवी हातानं तोलून बघत. माहेरी मोहगावला जाऊन आल्या की कोणत्या बसनं गेलीस, कंडक्टर कोण होता, खिडकीशी बसली होतीस का, अशी जाँच व्हायची. संशय बाईंच्या चारित्र्यावर नव्हता, हे बाईंनाही ठाऊक होतं. संशय एकूण जगावर होता आणि बाई त्या जगात राहत होत्या, एवढाच त्यांचा दोष.

१९८५ साली दोघंही रिटायर झाले. भैय्याजी आधी, बाई सहा महिन्यांनी. सेंडऑफच्या दुसऱ्या आठवड्यात बाई छिंदवाड्याला गेल्या आणि संध्याकाळी एका मॅटाडोरमध्ये बसून परत आल्या. परिवार नियोजनाच्या फिरत्या दवाखान्याची गाडी लिलावात निघाली होती, ती त्यांनी स्वतःच्या फंडातून घेतली होती. दोन्ही बाजूंना हाताएवढा लाल तिकोन आणि खाली हसणारे आई, बाप आणि दोन लेकरं.

भैय्याजींनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या. चाकांना लाथ मारून पाहिली.

"हे काय होय?"

"घर होय," बाई म्हणाल्या. "चाकावरचं. यात राहून समुद्र पाहायचा. अलिबागपासून खाली खाली जायचं. रेवदंडा, चौल, जंजिरा, दाभोळ. सगळी जुनी बंदरं."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तीस वर्षं पोरींकडून बंदरं पाठ करून घेतली. एक तरी पायलं का मी?"

"फोटो आहे न पुस्तकात."

"तुमचाबी फोटो आहे अलमारीत. म्हणून मी तुमच्यासंगं नाही राहिली का?"

भैय्याजी महिनाभरासाठी तयार झाले. नाही म्हटलं तर ही मोहगावच्या भावाला घेऊन जाईल आणि भावाचा डोळा भैय्याजींच्या संत्र्याच्या झाडांवर आहे, असा त्यांना जुना संशय होता. पांढुर्ण्याच्या सुताराकडून गाडीत लाकडी पलंग झाला, खाली सामानाची पेटी, एका कोपऱ्यात स्टोव्ह, पाण्याच्या माठाला बसायला लाकडी कडं, खिडक्यांना बाईंच्या जुन्या साड्यांचे पडदे. गुलाब पेंटरनं तिकोनावर आणि खालच्या कुटुंबावर पांढरा रंग मारला. नाक्याच्या सरकारी जीपवर हात बसलेला असल्यामुळे गाडी चालवायला भैय्याजीच.

गाव मात्र चक्रावलं. कोणी म्हणे भैय्याजी इलेक्शनला उभे राहून राहिले, ही प्रचाराची गाडी. कोणी म्हणे जडीबुटी विकणार. शेजारचे तुळशीराम रोज संध्याकाळी येऊन विचारायचे.

"भैय्याजी, कोणत्या देवाले जाऊन राहिले?"

"देवाले नाही. समुद्राले."

"समुद्राले काय नवस बोलले होते?"

"काही नाही."

तुळशीराम डोळे बारीक करून निघून जायचे. भैय्याजींना पहिल्यांदाच कळलं की संशय घेणं आणि संशयाखाली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी त्यांना आवडली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी सवयीनं सामान तपासलं आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सामानात तिखटाचा डबा होता. डबा म्हणजे रॉकेलच्या डब्याएवढा डबा, काठोकाठ भरलेला. भैय्याजींनी तो नाकावर रुमाल धरून दुरूनच अंदाजानं तोलला. दोन माणसांना एका महिन्यासाठी एवढं तिखट? हे तर वर्षाचं होतं. कुरड्या, पापड, मूगवड्यांचंही तेच. आणि भिंतीला लावायचं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर बाईंनी गुंडाळून पेटीत ठेवलं होतं.

भैय्याजींनी पेटी गुपचूप बंद केली. विचारलं की चोर सावध होतो, हे नाक्यावरचं पहिलं शास्त्र.

*

समुद्र पहिल्यांदा अलिबागला दिसला. बाई गाडीतून उतरल्या आणि रेतीत नुसत्या उभ्या राहिल्या. पदर उडत होता, तो सावरायचंही त्यांना भान नव्हतं. भैय्याजींनी पाण्यात बोट बुडवून चाटलं.

"खारट आहे," ते म्हणाले. "म्हणजे पुस्तकात होतं ते खरं होतं."

चौतीस वर्षांत नवऱ्यानं एखादी गोष्ट खरी असल्याचं कबूल केलं, म्हणून बाईंनी समुद्राकडे जास्तच आदरानं पाहिलं.

पण भैय्याजींचा समुद्रावरचा हा विश्वास रेवदंड्याच्या पुढे टिकला नाही. तिथे पोर्तुगीजांच्या कोटाच्या काळ्या भिंती पाहून झाल्यावर त्यांनी गाडी किनाऱ्यावरच्या कोरड्या, सपाट, सुंदर जमिनीवर लावली आणि जेवून दोघं झोपले. पहाटे चाकांपाशी छप छप आवाज झाला. उठून पाहतात तर गाडीला चहूकडून पाणी. जाळं खांद्यावर टाकलेला एक म्हातारा कोळी दुरून ओरडला, "गाडी काढा, भरती आलीय!"

भैय्याजींनी गाडी कशीबशी मागे घेतली आणि म्हाताऱ्याला गाठलं. "काल इथं जमीन होती. कुठं गेली?"

"खाली हाय. वहटी झाली की दिसल."

"रोज जाते?"

"दिवसातून दोनदा."

भैय्याजींनी म्हाताऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. दिवसातून दोनदा एवढी जमीन गायब होते, परत येते, आणि नाक्यावर कुठेही नोंद नाही! समुद्राचा कारभार त्यांना एकंदरीत संशयास्पद वाटला.

बाईंना मात्र पंख फुटले होते. चौलला त्या माडांच्या वाडीत उभ्या राहून सांगत होत्या, "इथं आरबांची जहाजं यायची. घोडे उतरायचे. रेशीम जायचं. आता पाहा, फक्त सुपारी वाळत आहे." त्यांनी वहीत चित्र काढलं, वाडीच्या म्हातारीशी गप्पा मारल्या, तिच्याकडून आमसुलं घेतली. मुरुडला होडीत बसून जंजिऱ्यावर गेल्या. तिथल्या मोठ्या तोफेच्या तोंडात भैय्याजींनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला. आत घरटं होतं.

आणि याच प्रवासात भैय्याजींना तो खरा धागा सापडला.

अलिबागला बाई म्हणाल्या होत्या, "पोस्टात जाऊन येते, तिकिटं आणते." परत आल्या तेव्हा पदराखाली हात होता. रेवदंड्यालाही पोस्ट. मुरुडलाही पोस्ट. भैय्याजी पोस्टासमोरच्या केळीवाल्याआड उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं: पोस्टमास्तरनं खिडकीतून पाकीट दिलं, बाईंनी ते वाचलं, हसल्या आणि पोलक्यात लपवलं.

या मुलखात हिला पत्र लिहिणारं आहे कोण? आणि आपण कुठल्या दिवशी कुठल्या गावी असू हे त्याला ठाऊक कसं? म्हणजे आधी ठरलेलं आहे. म्हणजे कट आहे.

त्या दिवसापासून भैय्याजींचं समुद्रावरचं लक्ष उडालं. स्टिअरिंग धरून ते मनात संशयितांची यादी करू लागले. मोहगावचा मेहुणा? त्याला दोन ओळी लिहिता येत नाहीत. जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजात बाईंबरोबर शिकलेले, बासरी वाजवणारे ते विजय सर? ते मागच्याच वर्षी वारले. पण वारल्याची बातमी बाईंनीच सांगितली होती! भैय्याजींचा पाय ब्रेकवर पडला आणि मागून येणाऱ्या एस.टी.नं हॉर्न दिला.

मग त्यांच्या मनात तिखटाचा डबा आला. वर्षाचं तिखट, पुढच्या वर्षाचं कॅलेंडर, लपवलेली पत्रं. ही परत जायलाच आलेली नाही. कुठल्या तरी बंदरावर हिनं खोली पाहून ठेवली आहे. एके दिवशी म्हणेल, "तुम्ही जा सौसरले, मी इथंच राहते." चौतीस वर्षं पिशव्या तोलल्या, कंडक्टरची नावं विचारली. एखादी बाई कंटाळणार नाही का?

हा विचार आल्यावर भैय्याजींना जेवण गोड लागेना. संध्याकाळी बाईंनी विचारलं, "बांगडा खाऊन पाहता का? सगळे म्हणतात चांगला लागते."

"मले भाकरच दे."

"तब्येत ठीक नाही का?"

"माझ्या तब्येतीचं तुले काय?"

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांना वाटलं, यांना सौसरची आठवण येऊन राहिली. त्यामुळे जे सांगायचं त्यांच्या मनात होतं ते त्यांनी आणखी पुढे ढकललं.

*

खाऱ्या वाऱ्यात रंग टिकत नाही, हे गुलाब पेंटरला कोणी सांगितलं नव्हतं. सौसरपासून समुद्र फार लांब. श्रीवर्धन सोडेपर्यंत पांढऱ्या रंगाला पोपडे आले आणि हर्णैजवळ गाडीच्या दोन्ही बाजूंनी लाल तिकोन झळकू लागला. खाली आईबापही हसू लागले.

आणीबाणीतली नसबंदीची सक्ती संपून दहा वर्षंही झाली नव्हती. गाडी वाडीत शिरली की पाणवठ्यावरच्या बाया हंडे सोडून घरात पळायच्या. पारावरचे गडी उठून माडांमागे जायचे. एका वाडीत फक्त एक ऐंशीचा म्हातारा बसून राहिला.

"पळालो नाही मी," तो भैय्याजींना म्हणाला. "माझं आता काय कापणार?"

"आमी ते नाही हो बावा! आमी बंदर पाहायले आलो!"

"सगळे असंच सांगतात."

भैय्याजींना हे वाक्य ओळखीचं वाटलं. नाक्यावर ते स्वतः हेच म्हणायचे.

त्याच दुपारी दाभोळच्या अलीकडे, खाडीच्या वळणावर, रस्त्यात आडवा बांबू दिसला. बाजूला जीप, दोन शिपाई आणि काळ्या चष्म्यातला इन्स्पेक्टर. कस्टमची नाकाबंदी होती. त्या वर्षांत या किनाऱ्यावर चोरटं सोनं उतरायचं, हे भैय्याजींनी पेपरात वाचलं होतं. बांबू पाहून मात्र त्यांचा जीव सुखावला. इतक्या दिवसांत पहिली ओळखीची वस्तू.

"खाली उतरा, काका," इन्स्पेक्टर म्हणाला. "आमच्याकडे खबर आहे. मध्यप्रदेशची गाडी, वर लाल त्रिकोण, प्रत्येक खाडीवर थांबते आणि नसबंदी एकाचीही करत नाही. मग करते काय?"

"जुनी बंदरं पाहतो," बाई म्हणाल्या.

"हो का? आणि राहता कुठं?"

"गाडीतच."

इन्स्पेक्टरनं शिपायांकडे पाहिलं. शिपाई गाडीत चढले. एकानं गादी उचलून परत ठेवली, दुसऱ्यानं पडदे हलवले, माठात डोकावला आणि म्हणाला, "काही नाही, साहेब."

भैय्याजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"याले झडती म्हणते का?" ते ओरडले. "गादी उचलून ठेवली की झालं? पेटी ठोकून पायली का? पोकळ आवाज येते का ते ऐकलं का? पडदे हालवून सोनं सापडते?"

"काका, तुमचीच गाडी आहे ना?"

"माझी असली म्हणून काय झालं? एकतीस वर्षं नाका चालवला मी! हटा!"

बाई म्हणाल्या, "अजी, राहू द्या न. साहेबाले काही सापडलं नाही, तर चला."

भैय्याजी गर्रकन वळले. राहू द्या? ही का घाबरली? त्यांनी सीटमागून सळई काढली, कारण ती त्यांनी सोबत आणली होतीच, आणि स्वतःच्या गाडीची झडती सुरू केली. इन्स्पेक्टर चष्मा काढून बघत राहिला. गव्हाचा डबा टोचला. तांदळाचा टोचला. पापडांचे तुकडे झाले. पेटीच्या तळाला कान लावून चारी कोपरे वाजवले. स्टोव्हची टाकी हुंगली. शिपायांना शिकवत होते, "असं तिरपं खुपसायचं. सरळ खुपसलं की माल बाजूले सरकते." शिपाई माना डोलवत होते.

शेवटी उरला तिखटाचा डबा.

भैय्याजी थांबले. बाईंकडे पाहिलं. बाई खाडीकडे बघत होत्या. आणि भैय्याजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या जगात एकच जागा अशी होती जिथे भैय्याजी बुवाड्यांचा हात कधी गेला नव्हता, आणि हे जाणणारं माणूसही जगात एकच होतं.

त्यांनी नाकाला रुमाल बांधला, झाकण उघडलं आणि सळई खुपसली. आत काहीतरी दबकन लागलं.

पुढची दहा मिनिटं कोणालाच बोलता आलं नाही. भैय्याजी शिंकले, शिपाई शिंकले, इन्स्पेक्टर जीपला टेकून शिंकला, बांबूपलीकडे थांबलेल्या बैलगाडीचे बैलही शिंकले. डोळे पुशीत इन्स्पेक्टरनं डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत पाकिटं होती.

"सोनं नाही," तो निराश होऊन म्हणाला. "पत्रं आहेत."

"वाचा," भैय्याजी म्हणाले. आवाज तिखटानं बसला होता, की आणखी कशानं, कळत नव्हतं. "मोठ्यानं वाचा."

इन्स्पेक्टरनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. वाचा.

"तीर्थस्वरूप नलिनीकाकूंना अलकाचा नमस्कार. आम्ही घरात चांगले रुळलो. फक्त कड्या फार आहेत. एका दाराला चार. त्यामुळे ह्यांना बँकेत जायला रोज उशीर होतो. परसातल्या संत्र्यांवर शाईनं नंबर लिहिले आहेत ते कशासाठी? एकोणचाळीस नंबरचं पडलं, ते आम्ही खाल्लं. चालेल ना? तुम्ही घर पुढच्या दिवाळीपर्यंत दिलं म्हणून ह्यांनी बदलीचा अर्ज मागे घेतला. काकांना सांगितलंत का? ते रागावले नाहीत ना? तुळशीरामकाका रोज येऊन विचारतात, तुम्ही खरंच समुद्रावर गेलात की कुठं पळून गेलात."

खाडीवरून वारा आला.

"एकोणचाळीस नंबर," भैय्याजी म्हणाले, "अजून पिकलाच नव्हता."

मग ते मैलाच्या दगडावर बसले.

बाई समोर येऊन उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहत तशा, सरळ. "घर मी दिलं. आपण निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी ते राहायले आले. अरविंद बँकेत आहे, चांगली माणसं आहेत. कोणत्या गावच्या पोस्टात पत्र पाठवायचं ते मीच अलकाले लिहून दिलं होतं. महिन्यात काय होते? अलिबाग झालं की तुम्ही म्हणाले असते, पायला समुद्र, चला. मले पार वेंगुर्ल्यापर्यंत जायचं आहे. डचांची वखार पाहायची आहे. विजयदुर्ग पाहायचा आहे. आधी सांगतलं असतं तर तुम्ही दारात आडवा बांबू टाकून बसले असते."

"आणि मग?" भैय्याजींनी वर न बघता विचारलं. "वेंगुर्ल्यानंतर तू तिथंच राहणार?"

"तिथं? तिथं कोण आहे माझं?"

"मग दिवाळीले?"

"दिवाळीले घरी. तुमच्यासंगं. मले गाडी चालवता येते का?"

भैय्याजींनी रुमालानं तोंड पुसलं. रुमालाला तिखट होतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि कशाचं म्हणून विचारायची सोय राहिली नाही. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज चढू लागलं. ते उठले आणि इन्स्पेक्टरचा दंड धरला.

"साहेब, सापडलं न? लपवलेलं होतं न? मी म्हणलो होतो न, काहीतरी आहे म्हणून?"

"हो, पण काका, हा काही गुन्हा..."

"तुम्ही फक्त सांगा. झडती बरोबर होती का नाही?"

"अगदी बरोबर," इन्स्पेक्टर म्हणाला. "आमच्या माणसांनी सोडलंच होतं."

"ऐकलं?" भैय्याजी बाईंना म्हणाले. पण लगेच त्यांना आठवलं की आपण रागावलेलो आहोत, आणि ते तोंड फिरवून गाडीत जाऊन बसले.

बांबू उघडला. बाई शेजारी बसल्या. भैय्याजी समोर बघत म्हणाले, "दाभोळ गिभोळ काही नाही. सरळ सौसर. त्या बँकवाल्याले घर खाली करायले लावतो."

भैय्याजींनी गाडी मागे वळवली. दापोली गेली, घाट गेला. बाईंनी वही उघडली नाही, खिडकीबाहेर पाहिलं नाही. मांडीवर हात ठेवून त्या बसून राहिल्या. भैय्याजींना त्यांनी भांडावं असं फार वाटत होतं. भांडणाऱ्या माणसावर संशय घेता येतो. गप्प बसलेल्या बाईच्या डोळ्यांत वेंगुर्ला स्पष्ट दिसत होतं आणि त्यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

खेडला मोठा रस्ता लागला. डावीकडे महाड, तिथून पुणे, तिथून घर. उजवीकडे चिपळूण आणि खाली सगळं कोकण. भैय्याजींनी गाडी थांबवली. रस्त्याच्या तोंडाशी एक चहावाला होता.

"भाऊ, नागपूरकडे जायचं. रस्ता कोणता?"

"नागपूर फार लांब हो," चहावाला म्हणाला, "पण डावीकडे घ्या. महाडवरून पुणं गाठा. सरळ रस्ता, फाटा नाही, चुकणारच नाही."

भैय्याजींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग गाडीत बसून ते बाईंकडे झुकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काहीतरी गडबड आहे."

"कशाची?"

"एवढ्या लवकर खरं कोण सांगते? फाटा नाही म्हणते, चुकणारच नाही म्हणते. तुले पटते?"

बाईंनी तीस वर्षं भिंतीवरच्या नकाशावर छडीनं रस्ते दाखवले होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माणूस जरा लबाडच वाटते."

"तेच मी म्हणून राहिलो."

गाडी उजवीकडे वळली. मैल मागे पडत गेले. उन्हं कलली, पाट्यांवर चिपळूणचे आकडे कमी होत गेले. बाईंनी हळूच वही मांडीवर घेतली. बऱ्याच वेळानं भैय्याजी म्हणाले, "हा रस्ता पुण्याले जात नाही वाटते."

"नाही जात."

"मले आधीच संशय होता," भैय्याजी म्हणाले आणि त्यांनी गिअर बदलला.